मालक हजर असेल तरच आरा फिरेल

लोकांच्या वावरात जाऊन मी त्यांच्या पडलेल्या झाडाच्या फळ्या कापून देतो. फोनवर समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, घनफुटाले काय घेता?" माझाही ठरलेला आहे, "मी येईन त्या दिवशी तुम्ही स्वतः वावरात राहान का?" यावर काही जण गप्प होतात, काही हसतात. "मी कायले पायजे तिथं? सालदार हाय नं, तो पाहून घेईन." मग मी सांगतो, सालदाराला त्या दिवशी सुटी द्या आणि तुम्ही या. जमत नसेल तर ओंडका ट्रॉलीत टाका आणि तालुक्याच्या आरामशीनवर न्या, तिथे मालकाची गरज पडत नाही.

हे ऐकून मी माजलेला आहे असं काहींना वाटतं. वाटू द्या.

मी वर्धा जिल्ह्यातला, देवळीकडचा. उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या टालीवर, म्हणजे आरामशीनवर, गेली. आधी ओंडके लोटणे, मग पात्याला धार लावणे, मग मशीनवर. आता माझं स्वतःचं चाकावरचं मशीन आहे. पिकअपच्या मागे जोडतो, पुतण्याला सोबत घेतो आणि जिथे झाड पडलंय तिथे जातो. आर्वी, पुलगाव, राळेगाव, कळंब हा नेहमीचा पट्टा. कधी धामणगावकडेही.

टालीवरची पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी ओंडका आणतो, त्यावर खडूने नाव लिहिलं जातं, ओंडका रांगेत लागतो. चार-आठ दिवसांनी शेतकरी फळ्या न्यायला येतो. फळ्या पाहतो, उलटतो, वास घेतो आणि हळूच विचारतो, "हे माह्यंच लाकूड होय नं?" तो प्रश्न मी टालीवर इतक्यांदा ऐकला की शेवटी तो ऐकायलाच नको वाटायला लागला. बहुतेक वेळा लाकूड त्याचंच असायचं. पण त्याने झाड पाहिलं होतं आणि फळ्या पाहिल्या होत्या, मधलं काहीच पाहिलं नव्हतं. शंका तिथेच जन्माला येते. शिवाय फळ्या किती जाडीच्या, चौकटीला किती, दाराला किती, हे सगळं टालवाल्याने आपल्या सोयीने ठरवलेलं असायचं.

माझं मशीन साधं आहे. टालीवर पातं उभं असतं आणि ओंडका गाड्यावरून पात्याकडे जातो. इथे उलटं. ओंडका रुळांच्या मध्ये आडवा पडून राहतो आणि पातं इंजिनासकट त्याच्यावरून सरकतं. पातं म्हणजे दातेरी पट्टा, सव्वा इंच रुंद, जेमतेम एक मिलिमीटर जाड. दात डावी-उजवीकडे थोडे वळवलेले असतात म्हणून चीर दोन मिलिमीटरची पडते, म्हणजे एक सूतसुद्धा नाही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). गोल पात्याच्या आऱ्यात तेवढ्याच चिरेला दीड-दोन सूत भुश्यात जातं. चेन सॉने फळ्या पाडणारेही आता फिरतात, त्यांचं तर तीन सूत जातं. दहा फळ्या काढल्या तर अख्ख्या एका फळीचा फरक पडतो, हे मी फोनवर सांगत नाही. वावरात भुश्याचा ढीग दाखवतो.

भुसा पाहून बरंच कळतं. धार चांगली असली की भुसा दाणेदार पडतो, हाताला खरखरीत लागतो. बारीक पीठ पडायला लागलं, इंजिनाचा आवाज जड झाला की समजायचं, पातं बोथट झालं. तरी रेटलं तर पातं वर-खाली लाट मारतं आणि ती लाट फळीवर कायमची उमटते. सागात धार लवकर जाते, कारण त्यात वाळूचा अंश असतो. डोळ्यांना दिसत नाही, दातांना लागतो. कडुनिंबात धार टिकते, पण त्याची भुकटी नाकात गेली की पुतण्या दिवसभर शिंकत बसतो. डिंकाचं लाकूड असलं की पात्यावर पाण्याची धार सोडतो, त्यात थोडं भांड्याचं साबण.

आता हिशेबाचं, कारण भांडणं तिथे होतात.

आपल्याकडे उभ्या-आडव्या लाकडाचा घनफूट पाव घेराने काढतात. घेर इंचात मोजायचा, चाराने भागायचा, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि 144 ने भागायचं. घेर बरोबर 48 इंच असला की हिशेब तोंडी होतो. पाव घेर 12, त्याचा वर्ग 144, म्हणजे ओंडका जितके फूट लांब तितके घनफूट. आठ फुटी ओंडका, आठ घनफूट. गोल आकाराचं शाळेतलं गणित लावलं तर त्याच ओंडक्यात दहाच्या थोडं वर भरतं. पाव घेराच्या हिशेबात साल आणि कडेचा वाकडा भाग आधीच वजा धरलेला आहे. तरी त्या आठमधून आठ घनफूट फळ्या निघत नाहीत. ओंडका बुडाशी जाड असतो, शेंड्याला बारीक, कुठे पोट आलेलं, कुठे फांदीची गाठ. पाच-सहा घनफूट चांगली फळी निघाली तर मी समाधानी असतो. मालक नसतो. पण तो समोर उभा असला तर बाकीचं कुठे गेलं ते त्याला दिसतं: हा सालीचा थर, हा भुसा, ही पोकळ निघालेली बाजू. तो नसला तर संध्याकाळी फोन येतो आणि फोनवर पोकळ बाजू दाखवता येत नाही.

सागाचं तर विचारूच नका. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हापासून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दोन साग असलेला प्रत्येक जण सांगतो की तेच लाकूड माझ्याकडे आहे. आलापल्ली-बल्लारशाचा जंगलातला साग सावकाश वाढलेला असतो, वाढीची वलयं बारीक, आत लाल लाकूड भरगच्च. आपल्या विहिरीच्या बाजूचा साग ओलिताच्या पाण्यावर भराभर वाढतो. तीस इंच घेराचा असा साग म्हणजे साडेनऊ इंच जाडी. साल आणि बाहेरचं पांढरं वजा केलं की आत लाल सहा-साडेसहा इंच. पांढरं लाकूड चौकटीला लावलं तर दोन-तीन पावसाळ्यांत भुंगा आणि उधळी (वाळवी) त्याचा निकाल लावतात. लाल भागाला हात लावत नाहीत. म्हणून मी पहिली फळी काढली की मालकाला बोलावतो आणि त्याच्याकडूनच पेन्सिलीने रेघ मारून घेतो: इथवर पांढरं, इथून लाल, आता सांगा किती रुंद ठेवायची. त्याला रुंद पाहिजे असेल तर तसं. घर त्याचं आहे.

कागदाबद्दल थोडक्यात. 1996 च्या डिसेंबरात जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला, तेव्हापासून आरागिरण्यांवर वनखात्याची नजर आहे आणि ती बरोबरच आहे. चाकं लावली म्हणून आरामशीनची काही बैलबंडी होत नाही, परवाना लागतोच. माझा तो कागद गाडीत असतो. तुमचा कागद तुमच्याकडे पाहिजे. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा 1964 चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, बिजा, ऐन, जांभूळ ही आपल्या ओळखीची झाडं आहेत. स्वतःच्या वावरातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वावर आदिवासी मालकाचं असेल आणि झाड विकायचं असेल तर 1969 चा वेगळा कायदा आहे. झाड वादळाने पडलं म्हणून कागद लागत नाही, असं गावातला कोणीतरी शहाणा हमखास सांगतो. त्याचं ऐकू नका, वनखात्याच्या परिक्षेत्र कचेरीत विचारा. लाकूड वावराबाहेर काढायचं असेल तर टीपीचं, म्हणजे वाहतूक परवान्याचंही तिथेच विचारून घ्या. मशीन वावरात नेण्याचा मोठा फायदा हाच आहे की पुष्कळ लोकांना लाकूड बाहेर काढायचंच नसतं. गोठा तिथे, घर तिथे, वाढई (सुतार) गावातच.

सातबाऱ्यावर नाव कोणाचं हेही विचारतो. तीन भावांच्या नावावर वावर आणि फोन करणारा एकटाच असेल, तर बाकी दोघांनाही बोलवा म्हणतो. हे का, ते पुढे येईलच.

जागेचं बोलतो. आपली काळी माती मशीनची शत्रू आहे. पावसात तिच्यात चाक रुततं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मशीनचे पाय एका पातळीत नसले तर फळी एका टोकाला इंचभर आणि दुसऱ्या टोकाला एक इंच दोन सूत निघते. म्हणून सागाच्या जुन्या फळ्यांचे तुकडे पायाखाली देतो, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहतो आणि दर दोन ओंडक्यांनंतर पुन्हा पाहतो. मृग लागला की काम बंद. पांदणीतून पिकअप जात नाही तर मशीन कुठून जाणार? दिवाळीनंतर सुरू होतं, पण तेव्हा कापूस वेचणी असते, ओंडका लोटायला माणूस मिळत नाही. खरा हंगाम तूर निघाल्यावरचा. उन्हाळ्यात दुसरीच भीती. बाजूला पराटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग, वाळलेलं तणस आणि इंजिनाचा धूर. पाण्याचा ड्रम शेजारी असल्याशिवाय मी इंजिनाची दोरी ओढत नाही.

बाभळीचा ओंडका नाल्यात किंवा तलावात टाकून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे किडीचं खाद्य असलेला रस निघून जातो, लाकूड टिकतं. रीत चांगली आहे. पण एका काकांनी नाल्यातला ओंडका ट्रॅक्टरने ओढत थेट मशीनपाशी आणला, सालीच्या प्रत्येक चिरेत वाळू भरलेली. मी म्हटलं, आधी मोटर लावा, पाइपाने धुवा, कुऱ्हाडीने साल काढा. ते चिडले. "बाभूळ कापाले आले का आंघोळ घालाले?" दुपारपर्यंत धुणं चाललं. वाळूत एकदा पातं घातलं की पाच मिनिटांत दात गोल होतात, हे त्यांना पहिल्या चिरेआधी समजावणं अवघड होतं. धुतल्यावर बाभूळ लोण्यासारखी कापली गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल, बाभूळ कधीच तशी कापली जात नाही. पण फळ्या सरळ निघाल्या. आत गर्द तांबूस, वर पिवळसर पांढरी किनार.

वाळूपेक्षा वाईट लोखंड. धुऱ्यावरचं झाड म्हणजे गावाची खुंटी. कुंपणाची तार, झटका मशीनचे कप, झोक्याची साखळी, निवडणुकीच्या बॅनरचे खिळे. चिंचेला तर कोणाचं काय काय ठोकलेलं असतं ते सांगायला नको, काळी बाहुलीसुद्धा निघाली आहे, खिळ्यासकट. हातातलं डिटेक्टर फिरवतो, पण ते वरच्या दोन-चार इंचांतलंच पकडतं. आतल्याची खबर लाकूडच देतं. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो आणि तो रेषांच्या दिशेने लांबपर्यंत पसरतो. फळी उचलली आणि त्यावर शाई सांडल्यासारखी निळी पट्टी दिसली की मी इंजिन बंद करतो. खिळा अजून खाली आहे, पण आहे नक्की. मग छिन्नी, हातोडा, पक्कड.

सगळ्या भावांना का बोलावतो, ती गोष्ट इथेच येते.

राळेगाव तालुक्यातलं गाव. वाटणी होऊन बरीच वर्षं झालेली, दोन भावांच्या मधल्या धुऱ्यावर बापाने राखलेली एक बाभूळ. वादळात आडवी झाली. दोघांचं बोलणं बंद. फोन धाकट्याने केला, थोरल्याला मी बोलावून घ्यायला लावलं. मी पोचलो तेव्हा एक ओंडक्याच्या या बाजूला बिडी ओढत बसलेला, दुसरा त्या बाजूला. त्यांची आई मधोमध, लिंबाखाली खाटेवर. म्हातारी बोलत नव्हती, पण सगळं पाहत होती.

प्रश्न असा की फळ्या वाटायच्या कशा. मधल्या फळ्या रुंद, कडेच्या अरुंद. एक तुला एक मला असं केलं तर कोणाला रुंद जास्त जाणार. पंचांना बोलवू, असं थोरला पुतण्यामार्फत मला सांगत होता. दोघेही माझ्या पुतण्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही.

मी टेप काढली. घेर साठ इंच, म्हणजे जाडी एकोणीस, साल वजा जाता अठराच्या आसपास. ओंडका सरळ होता आणि गाभ्याचा डोळा बऱ्यापैकी मध्यावर होता, हे नशीब. म्हटलं, डोळ्यातून बरोबर एक चीर जाईल असं मोजतो. दीड-दीड इंचाच्या दहा फळ्या. डोळ्याच्या वर पाच, खाली पाच. वरची पहिली जेवढी रुंद तेवढीच खालची शेवटची, वरची दुसरी तेवढीच खालची चौथी. वरचा अर्धा एकाचा, खालचा अर्धा दुसऱ्याचा. कोणाचा कोणता ते चिठ्ठीने ठरवा. पुतण्याने विडीच्या कागदावर चिठ्ठ्या केल्या, म्हातारीने उचलल्या. वरचा भाग थोरल्याचा, खालचा धाकट्याचा.

खडूने दोन्ही तोंडांवर डोळ्यातून आडवी रेघ मारली. तिथून दीड इंच, एक चीर, दीड इंच, एक चीर, असं वरपर्यंत मोजत गेलो. दोघेही भाऊ जवळ येऊन टेप धरायला लागले, एक या तोंडाला, एक त्या. पुतण्या गालातल्या गालात हसत होता, त्याला मी डोळे वटारले.

पाच फळ्या थोरल्याच्या बाजूला गेल्या. स्वच्छ, एकही डाग नाही. त्या उचलताना थोरल्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते धाकट्याला दिसलं. सहावी फळी निघाली आणि तिच्या खालच्या अंगाला निळी पट्टी. मी इंजिन बंद करून डिटेक्टर फिरवलं, काही बोललं नाही. सातवी हळूहळू घेतली. अर्ध्यावर कर्कश आवाज आला आणि पातं गेलं. अर्धं बोट जाडीची लोखंडी कडी होती ती, बैल बांधायची, खिळ्यासकट झाडाने आत घेतलेली. वरून तिचा मागमूस नव्हता.

पात्याचे पैसे गिऱ्हाइकाकडे, हे माझं आधीच सांगून झालेलं असतं. पण कोणत्या गिऱ्हाइकाकडे? धाकटा म्हणाला, झाड दोघांचं होतं, पैसे दोघांचे. थोरला म्हणाला, कडी खालच्या अर्ध्यात निघाली, चिठ्ठी त्याची, पैसे त्याचे. दोघे आता थेट एकमेकांशी बोलत होते, वाटणीनंतर पहिल्यांदा असं पुतण्याला कोणीतरी सांगितलं, म्हणजे भांडत का होईना. ते वाढत गेलं. तेवढ्यात म्हातारी खाटेवरून म्हणाली, "ते कडी तुमच्या बापानं ठोकली व्हती. सर्जाले बांधासाठी. मी पाह्यली ठोकताना. निराधारचे पैशे आले हाय माह्ये, मी देतो त्या पात्याचे."

मग दोघांनीही खिशात हात घातला. अर्धे-अर्धे. मी नवीन पातं चढवलं आणि कडी छिन्नीने मोकळी करून म्हातारीच्या हातात दिली. तिने ती खाटेखाली ठेवली आणि चहाचं विचारलं. उरलेल्या फळ्या कडीची जागा चुकवून काढल्या, धाकट्याची एक फळी दोन तुकड्यांत गेली. त्यानंतर ते दोघे बोलतात की नाही मला माहीत नाही, मी तिकडे परत गेलेलो नाही. पण त्या दिवशी मालकांपैकी एकजण जरी गैरहजर असता तर पात्याचे पैसेही गेले असते आणि माझी मजुरीही.

मशीन सुरू झालं की गाव जमतं. लहान पोट्टे पात्यापासून लांब ठेवणं हे पुतण्याचं काम, तेवढ्यासाठी मी लाल दोरी बांधतो. सालीच्या फळ्या चुलीला न्यायला बाया टोपलं घेऊन येतात, भुसा कोंबड्यांच्या शेडला किंवा गोठ्यात पसरायला जातो. सुरुवातीला मला धाक होता तो गावातल्या वाढयाचा. त्याचं काम हिसकावतोय असं त्याला वाटेल अशी भीती. झालं उलट. कामं आता वाढईच आणतात, कारण त्यांना बाजारच्या अज्ञात फळीपेक्षा ओळखीच्या झाडाची फळी पाहिजे असते. मशीनपाशी मी मालकाच्या शेजारी वाढयालाही उभा करतो. चौकटीला चार-तीनचं पाहिजे का पाच-तीनचं, दाराला दीड इंच का सव्वा, रंधून किती जाणार, ते त्याला माहीत. मालक "सगळं दीड इंची काढा" म्हणतो, वाढई त्याला विचारतो की कपाटाला दीड इंची फळी कोण लावते. तो वाद चिरेच्या आधी झालेला बरा. एकदा गाभ्याचा डोळा फळीच्या मध्यात राहिला तर ती फळी वाळताना उभी फाटणार, हेही वाढई माझ्यापेक्षा चांगलं समजावतो. त्याच्या तोंडी ते पटतं, माझ्या तोंडी ते निमित्त वाटतं.

वाळवणं मात्र मालकावर सोडून मी निघतो आणि तिथेच घोळ होतो. ओली फळी भिंतीला टेकवून ठेवतात. ती वाकते, मग मला फोन. फळ्या आडव्या, सावलीत, जमिनीपासून हातभर वर. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीचे लाकडी गुटके, दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या गुटक्याखाली बरोबर खालचा गुटका. वर वजन. इंचाला वर्ष असा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला जातो आणि हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा पातळ फळी त्याआधीच वाळते. पण घाई हाच धोका. टोकं आधी वाळतात, आतलं ओलंच राहतं आणि टोकाला चिरा पडतात. टोकांना शेणमाती लिंपा, नाहीतर घरात पडलेला जुना ऑइल पेंट फासा. गरम वारा येतो त्या बाजूला पोत्याचं तरट टांगा. आंबा असेल तर उलट, झाड पडल्यापासून फार दिवस ओंडका ठेवूच नका, निळसर बुरशी आणि भुंगा दोन्ही लगेच लागतात.

आता एका चिंचेचं सांगतो. आर्वीकडचे एक काका, मुलगा पुण्यात. मुलाने मोबाइलवर कुठल्यातरी टेबलाचा फोटो पाहिला, दोन्ही कडा सालीसकट तशाच ठेवलेल्या, मधोमध गर्द जांभळट लाकूड. तसं टेबल त्याला वावरातल्या चिंचेचं पाहिजे. चिंच जुनी होती, खालची बाजू पोकळ होऊन कललेली, परवानगी मिळाली होती. बुंधा माझ्या मशीनच्या तोंडात मावेना, अठ्ठावीस इंचाच्या वरचं मी घेऊ शकत नाही. चेन सॉने दोन्ही अंग उतरवून मग चढवला. अडीच इंची तीन पाट्या निघाल्या. गाभा काळपट जांभळा, त्याभोवती पिवळट पांढरं, आणि गाभ्याची रेघ कुठेच सरळ नाही. खरंच देखण्या होत्या.

मुलगा हजर होता, मी हट्ट धरला म्हणून सुटी काढून आलेला. पाट्या पाहून खूश. लगेच म्हणाला, महिनाभरात गाडी पाठवतो. मी म्हटलं, अडीच इंची चिंच महिन्यात वाळत नाही. ओली नेशील तर तुझ्या एसीच्या खोलीत मधोमध फाटेल आणि तू मला फोन करशील. त्याने मोबाइलवर भट्टीत वाळवणाऱ्यांचे पत्ते शोधले, इंग्रजीत काहीतरी वाचून दाखवलं. काका गुटके कापत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "टेबल पायजे तं पुढच्या दिवाळीच्या बी पुढच्या दिवाळीले ये. आन येताना गाडी मोठी आन, हे पाटी चौघाले उचलत नाई."